कामकाजात नसलेला विषय

माझ्या मामांइतका लोकशाहीवर जीव टाकणारा, आणि तरीही समोरच्याला तोंड उघडू न देणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा सापडायचा नाही. मामा एकदा आमदार झाले होते. एकदाच. पण आमच्याकडे एकदा आमदार झालेला माणूस मरेपर्यंत आमदारच राहतो. त्यामुळे शिवाजी पेठेतल्या पानपट्टीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'आमदार' अशीच हाक मारतात, आणि मामाही हाक ऐकली की आधी सदऱ्याची कॉलर सरळ करतात, मग वळून बघतात.

विधानसभेत त्यांनी एकच विषय लावून धरला होता. कोडोलीच्या बाजूला एका ओढ्यावर बुटका पूल होता, पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा आणि पलीकडची वस्ती अडकून पडायची. मामांनी प्रश्न टाकला, लक्षवेधी दिली, अर्ध्या तासाची चर्चा मागितली. चर्चा मिळायची सुद्धा, पण त्या दिवसाच्या यादीत सगळ्यात खाली. वरचे विषय संपेस्तोवर बाकं रिकामी झालेली असायची आणि सभागृह तहकूब व्हायचं. पुलाला कुणी विरोध केला म्हणाल, तर मुळीच नाही. विरोध करायला तरी विषय निघावा लागतो. "मतं-बितं सगळी मागनं," मामा मला सांगायचे. "आधी यादी कोण लिवतंय ते बघ. यादी ज्येच्या हातात, राज्य त्येचं."

पुढच्या निवडणुकीत पडून मामा घरी आले, ते एवढं एकच शहाणपण घेऊन. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला पाटी टांगली आणि रोज सकाळी तिच्यावर खडूनं घराचं कामकाज लिहायला लागले. आंघोळ, नाष्टा, पेपर, भाजी (चर्चेसह), वामकुक्षी. पाटीवर नसलेली गोष्ट त्या घरात घडत नसे. तालमीच्या मंडळाचं अध्यक्षपद गळ्यात पडल्यावर तर विचारूच नका. मंडळाच्या फुटबॉल संघातल्या पोरांना नवे बूट हवे होते. मामांनी आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला घेतलं, तेही असं चवीचवीनं, की पोरं मधूनमधून "आमदार, बुटाचं बोला की!" म्हणून ओरडायला लागली. "येतंय, येतंय, क्रमानं येतंय," मामा म्हणाले. क्रम यायच्या आत सरावाची वेळ झाली आणि पोरं जुनेच बूट घालून मैदानावर गेली.

माझ्या लग्नाच्या बैठकीतही मामाच मधोमध. मुलीच्या काकांनी घसा खाकरून माझ्या पगाराचा विषय काढला. मामांनी हात वर केला. "पावणं, त्यो विषय आजच्या कामकाजात न्हाय." काका असे गार पडले, की मानपानाचं बोलायचंही विसरून गेले. तेव्हा माझा पगार सांगण्यासारखा नव्हता. माझा संसार मामांच्या त्या एका वाक्यावर उभा आहे, हे मी आजही बायकोसमोर कबूल करतो.

मामी या सगळ्याला हसायची. संध्याकाळी चहा ठेवताना म्हणायची, "अवं, माज्या डोळ्याचं जरा बोलायचं हुतं."

"पाटीवर हाय का?"

"न्हाय."

"मग आयत्या वेळच्या विषयात घेऊ. समद्यात शेवटी."

शेवट येईपर्यंत मामांना डुलकी लागलेली असायची. शिवाय मामीला मोतीबिंदू झालाय आणि मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "पिकू दे की, घाई काय हाय?" मामी चौकटीला धडकायची, चहा कपाच्या बाहेर ओतायची आणि आम्ही सगळे तिची थट्टा करायचो. शेवटी माझ्या बायकोनंच एक दिवस तिला रिक्षात घातलं आणि राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मागोमाग मी मामांना घेऊन गेलो. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलं असतं तर राहिली असती. मामा खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो धरवतही नव्हता. मुंबईनं त्यांच्या पुलाचं जे केलं, तेच त्यांनी मामीच्या डोळ्यांचं केलं होतं, आणि हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. घरी आल्यावर त्यांनी पाटी उतरवून माळ्यावर टाकली.

आता रोज सकाळी मामा मामीला पेपर वाचून दाखवतात. काय वाचायचं ते मामी ठरवते. आधी निधनवार्ता, मग दुधाचा दर, मग बिबट्या कुणाच्या उसात दिसला ते. अधिवेशनाची बातमी आली की मामांचा आवाज आपोआप चढतो. "ते ऱ्हाऊ द्या," मामी म्हणते, आणि मामा निमूट पान उलटतात. त्यांना असं गप्प बसलेलं मला बघवत नाही. पूर्वीचा तो हेकेखोर, सगळ्यांना गप्प करणारा मामा मला फार आठवतो.

परवा मी गेलो तेव्हा वाचन चाललं होतं. दुधाचा दर संपला आणि मामा थांबले. पेपर मांडीवर ठेवला, चष्मा काढला.

"तुज्या डोळ्याचं मला जरा बोलायचं हुतं," ते म्हणाले. आवाज आमदाराचा नव्हता.

मामीनं हात पुढं केला, चाचपडत त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर हलकेच थोपटलं.

"आज न्हाय," ती म्हणाली. "पाऊस कवा हाय, तेवढं वाचा."

मामांनी चष्मा घातला आणि पावसाची बातमी शोधायला लागले.