आधी घाबरून दाखव

दाराला बाहेरून कडी लागली तेव्हा माझ्या हातात दोन चंचुपात्रं होती. ती आतल्या खोलीत ठेवून ये, सरांनी सांगितलंय, असं वर्गातला ऋषिकेश म्हणाला होता. मी गेले. अकरावीत होते. सरांनी सांगितलंय म्हटलं की आम्ही जायचो.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागूनच ती सामानाची खोली. बाटल्यांत बेडूक, साप. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर केसांचा टोप होता आणि गळ्यात लाल ओढणी. कपाटामागं लपवलेल्या स्पीकरमधून बाईचं हसणं सुरू झालं. व्हरांड्याकडच्या खिडकीच्या गजांतून तीन मोबाइल आत आले.

त्या वर्षी तसले पिक्चर फार चालायचे. कॉलेजातली पोरंपोरी, एक बंद खोली, एक गरीब मुलगी. तिला सगळे छळतात. ती मरते, भूत होते, मग एकेकाची गंमत करते. आपण घाबरतो, लगेच हसतो. शेवटी छळणारे सुधारतात आणि पडद्यावर येतं, कुणाला छळू नका. मला ते पिक्चर आवडायचे. मावशीच्या मोबाइलवर मी एकेक दोन-दोनदा बघितला होता. वर्गातल्या पोरांनीही तेच बघितले होते. त्यांनी त्यातून सांगाड्याला टोप घालायचं उचललं.

मला भुताची भीती वाटली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळ्यांनी हेच फिरवलं. आमच्या घरात भूत नाही. देवही नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. लहानपणी लाइट गेली की माझे वडील, अण्णा, म्हणायचे, उजेडात जे असतंय तेच अंधारात असतंय. मी सांगाड्याच्या डोक्यावरचा टोप काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या क्लिपमध्ये हे नाही.

मला लघवीला जायचं होतं. पहाटेची एसटी पकडून आलेली. मुलींच्या संडासाला पाणी नसायचं, म्हणून आम्ही दिवसभर दाबूनच धरायचो. मी खिडकीपाशी जाऊन म्हणाले, दार उघड, मला लघवीला जायचंय.

ऋषिकेश म्हणाला, "आधी घाबरून दाखव. मंग उघडतो."

मागून कुणीतरी बोललं, "तुमच्यात देव-भूत काईच मानत न्हाईत ना? मंग आज बघू की."

तुमच्यात. हा शब्द मी बालवाडीपासून ओळखते.

एक तास संपल्याची घंटा झाली. मधली सुट्टी सुरू झाली. खिडकीपाशी गर्दी वाढली. त्यात मुलीही होत्या. मी दारावर हात मारले. पाय आवळून उभी राहिले. पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलले. घाबरल्याचं नाटक केलं असतं तर सुटले असते. तेवढं मला जमलं असतं. एक किंकाळी फोडायची, तोंडावर हात घ्यायचे. मी केलं नाही. का केलं नाही, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मग झालं. उभ्या उभ्या. पांढरी सलवार होती, युनिफॉर्मची.

बाहेर जे हसले, ते मी इथं लिहू शकत नाही.

शिपाई मामांनी येऊन दार उघडलं. त्यांच्या मागं सर. सांस्कृतिक कार्यक्रमाचे सर, आम्हाला मराठी शिकवायचे. माझ्याकडं बघून त्यांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालाच्या वर डोळे हसत होते. पोरांना म्हणाले, "मस्करीची कुस्करी करू नका रे."

मी गावी पोचायच्या आधी क्लिप गावात पोचली. काही सेकंदांची. खाली मजेशीर वाद्य वाजतंय, वर अक्षरं, भूत दिसलं, पाणी सुटलं. मायनं काही विचारलं नाही. सलवार धुतली आणि दोरीवर न टाकता घरातच वाळत घातली. अण्णा गवंडी. ऋषिकेशच्या चुलत्याचा बंगला बांधायला घेतलेला, तिथंच ते गिलाव्याचं काम करत होते. तो चुलता म्हणजे गावातला मोठा बागायतदार, कॉलेजच्या संस्थेतही त्याचं वजन. अण्णांनी क्लिप परातीनं माल वाहणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये बघितली. पोरं हसत होती, मग मागं अण्णा उभे दिसल्यावर गप्प झाली. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. प्राचार्यांसमोर पोरांनी कान धरले. सगळ्यांच्या मोबाइलमधून क्लिप पुसायला लावली. सरांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, लेकरं हायेत, विषय इथंच मिटवू. अण्णा मान हलवत राहिले. येताना एसटीत मला म्हणाले, "झालं ते झालं. वाढवू नको." त्यांच्या नखांत सिमेंट होतं. मी बाहेर बघत बसले.

पंधरा-वीस दिवस गेले. कॉलेजांची लघुपटांची स्पर्धा निघाली. विषय, छळमुक्त कॉलेज. सरांनी गोष्ट लिहिली आणि मला स्टाफरूममध्ये बोलावलं. म्हणाले, पोरांना आवडेल असं करायचं, हॉरर-कॉमेडी, हसवत हसवत संदेश द्यायचा. भुताचं काम तू करायचं. "तुलाच न्याय दिल्यावानी होईल बघ."

मी हो म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे कबूल करते. मला भूत व्हायचं होतं. पांढरी साडी नेसले, केस मोकळे सोडले, तोंडाला पावडर थापली. छळणाऱ्या पोराचं काम ऋषिकेशकडंच होतं. मी जिन्यावरून त्याच्या मागं पळायचे, तो ओरडत बाकाखाली शिरायचा आणि सगळे त्याला हसायचे. मला फार बरं वाटायचं. चार दिवस मी कॉलेजात मान वर करून चालले. मुली म्हणायच्या, भारी करून राह्यली तू. मला वाटलं, असंच असतं. पिक्चरमध्ये होतं तसं इथंही होऊन राह्यलंय.

पाचव्या दिवशी सरांनी मागची कथा समजावली. मुलीला खोलीत कोंडतात, ती सांगाडा बघून घाबरते, तिचे कपडे ओले होतात, त्या लाजेनं ती जीव देते आणि भूत होते.

मी म्हणाले, सर, मी घाबरले नव्हते. मला लघवीला जायचं होतं आणि ह्यांनी दार उघडलं नाही.

सर हसले. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, पिक्चर हाय हा. दार उघडलं न्हाई म्हणून कपडे ओले झाले, याच्यात हॉरर बी न्हाई अन् कॉमेडी बी न्हाई."

मी म्हणाले, मग तो प्रसंग घेऊ नका. आणि ती मुलगी जीव का देते? मी तर दिला नाही. त्यावर ते म्हणाले, बरं, तुला तो करायला लावत न्हाई, आमची सोय झालेली हाय. मला वाटलं, दुसऱ्या मुलीकडून करून घेणार.

शेवटच्या दिवशी हॉलमध्ये शेवटचं दृश्य होतं. अख्खा वर्ग, प्राचार्य आणि ऋषिकेशचे चुलते. त्यांच्याकडून सगळ्यांना नाश्ता होता, म्हणून त्यांना पुढची खुर्ची. सुरू करायच्या आधी सरांनी लॅपटॉपवर आतापर्यंतचं जोडलेलं दाखवलं. पोरं गोळा झाली. सुरुवातीला काळी पाटी, त्यावर संदेश. मग खिडकीचे गज. गजांच्या आत मी.

खरी मी. तीच क्लिप. रंग काढून काळीपांढरी केलेली.

मी विचारलं, ही पुसली होती ना?

ऋषिकेश म्हणाला, "बॅकअप असतो." दोघं-तिघं हसले. तसेच हसले, खिडकीतून हसले होते तसे. सर म्हणाले, चेहरा धूसर करणार हाये, काळजी करू नको, बिलकुल ओळखू येणार न्हाईस. चुलते खुर्चीतून म्हणाले, चला, जल्दी करा, मला परतूरला जायचंय.

मला जागेवर उभं केलं. सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावून माझ्याभोवती गोल केला. ऋषिकेश समोर गुडघ्यावर. माझं वाक्य ठरलेलं होतं. मी तुम्हा सगळ्यांना माफ केलं, आता आपण मित्र. मग गाणं लागणार आणि सगळे नाचणार.

सरांनी सुरू म्हटलं.

मी ऋषिकेशकडं बघितलं नाही, कॅमेऱ्यात बघितलं. म्हणाले, "मी भुताला घाबरले नव्हते. मला लघवीला जायचं होतं. मी सांगत होते, तरी ह्यांनी दार उघडलं न्हाई. मी माफ केलं न्हाई."

सर कट म्हणाले. पुन्हा म्हणाले. कॅमेरा धरलेली मुलगी तो बंद करायचा विसरली होती. दिवे तसेच लागलेले. कुणी हसलं नाही. मी त्या गोलातून बाहेर पडले, दप्तर घेतलं आणि एसटी स्टँडवर आले. अंगावर तीच साडी, तोंडावर तीच पावडर. भर दुपारी लोक बघत होते. एका म्हातारीनं मला बाकावर जागा दिली आणि कुठं जायचं विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं.

घरी सगळं सांगितलं. क्लिप पुन्हा निघाली, हेही. माय आधी बोलली. म्हणाली, "पहिल्या बारीला म्या गप बसले. ती माझी चूक झाली." अण्णा उंबऱ्यावर बसून होते. त्या बंगल्याचा वरचा मजला बाकी होता आणि गावात दुसरं काम नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेवटी त्यांनी माझ्या वहीतून कागद फाडून पुढं केला.

"कामाचं मी बघतो. तू लिव्ह. झालं तसं लिव्ह."

मी लिहिलं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी बसवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या अकरा बाया मायसोबत आल्या आणि ठाण्याच्या पायरीवर बसल्या, तेव्हा लिहून घेतलं. अण्णांना बंगल्यावर पुन्हा कुणी बोलावलं नाही. ते आता मिळेल तिथं, कधी परतूरला, कधी थेट जालन्याला कामाला जातात.

पिक्चर पूर्ण झाला. शेवटच्या दृश्यात दुसऱ्या मुलीला केस तोंडावर सोडून उभं केलं. तिनं माफ केलं. सगळे नाचले. त्याला बक्षीस मिळालं. केस झाल्यावर ती क्लिप कापली म्हणतात, बाकी पिक्चर अजून मोबाइलवर सापडतो. खाली लोकांनी लिहिलंय, सुंदर संदेश, डोळ्यांत पाणी आलं.

मी बारावी मावशीकडं राहून दुसऱ्या कॉलेजातून केली. आता जालन्याला नर्सिंगला आहे. ऋषिकेश शाळेत दोन वर्षं मागं राहिलेला, तेव्हा अठरा पूर्ण झालेला होता, म्हणून त्याच्यावरची केस अंबडच्या कोर्टात उभी राहिली. तारखा पडत गेल्या. आता माझी साक्ष आहे.

मागच्या महिन्यात मी घरी आल्ते तेव्हा तिघं आले. चुलते, सर आणि ऋषिकेश. आमच्या घरात ते पहिल्यांदाच आले. चुलत्यांनी चहा घेतला, कप रिकामा केला, मला दाखवून खाली ठेवला. ऋषिकेशला पोलीस भरतीला उतरायचंय, केस आडवी येते. सर म्हणाले, तूच त्या पिक्चरची नायिका होतीस, शेवटी पोरगं सुधारलंच की. चुलते मुद्द्यावर आले.

"खोटं बोल असं आम्ही म्हणत न्हाई. कोर्टात एवढंच म्हणायचं, लई दिवस झाले, आता नीट आठवत न्हाई."

ऋषिकेश म्हणाला, "ताई, चुकलं माझं."

मी त्याला विचारलं, काय चुकलं? तो म्हणाला, मस्करी जास्त झाली. मी विचारलं, "मी आतून काय म्हणत होते, सांग."

तो चुलत्यांकडं बघायला लागला. मग सरांकडं. मी थांबले. मायही चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. कपाळावर घाम आला त्याच्या. मला वाटलं, लाजतोय. पण तसं नव्हतं. तो खरंच आठवून बघत होता आणि त्याला सापडत नव्हतं. कितीतरी वेळा बोलले होते मी ते वाक्य. त्यानं ते ऐकलंच नव्हतं.

"आठवत न्हाई," तो म्हणाला.

मी म्हणाले, "मला आठवतंय. तुम्ही या आता."

ते गेल्यावर अण्णांनी विचारलं, भीती वाटती का. मी हो म्हणाले. वाटतेच. वकील उलटसुलट विचारतील, भरल्या कोर्टात हसतील कुणीतरी. हसू देत. मी सगळं सांगणार आहे. ओळीनं, कोण कुठं उभं होतं त्यासकट. लघवी हा शब्द दबक्या आवाजात बोलणार नाही. आणि त्या दिवशी निकाल लागला नाही, पुढची तारीख पडली, तर पुढच्या तारखेला जाणार.

काल कॉलेजात सुट्टीचा अर्ज दिला. खोलीतली मैत्रीण म्हणाली, कारण घरगुती काम लिही, उगाच चर्चा कशाला. मी तिच्यासमोरच लिहिलं, कोर्टात साक्ष द्यायची आहे.