तोफेचा फासा कोणाचा

मरणाऱ्या मित्राशी मी चार दिवस खोटं बोललो.

एका तोफेबद्दल.

आज विलासला जाऊन वर्ष झालं.

अकोल्यात, जठारपेठेत, त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान. मी अमरावतीला मराठी शिकवतो. दर रविवारी मी एसटीने त्याच्याकडे जायचो आणि आम्ही दोघं, पन्नाशी उलटलेली माणसं, एक बोर्ड गेम खेळायचो. समुद्र, राक्षस, जादू. मंदावहिनी त्याला 'जहाज-जहाज' म्हणायच्या.

प्रत्येकाला एक जहाज मिळतं आणि एक पात्र. विलास नेहमी चेटकीण घ्यायचा. तिच्या कार्डावर एकच ओळ: तुमच्या हल्ल्यातला फासा एकदा पुन्हा टाकता येईल.

गेल्या वर्षी एका रविवारी त्याने माझ्या जहाजावर तोफ डागली. पाच किंवा सहा हवे होते. एक आला.

त्याने फासा पुन्हा उचलला.

"ठेव," मी म्हणालो. "हा हल्ला तोफेचा. तोफ जहाजाची. चेटकिणीची जादू इथे चालत नाही."

"तोफ आपोआप उडते काय बे? बत्ती कोण देते?"

"कार्डावर तसं लिहिलेलं नाही."

"मास्तर, तू कार्ड वाचून राहिला. मी जहाजावर उभा आहो."

रूलबुक यावर गप्प होतं. मी गेम बनवणाऱ्यांना मेल केला.

आमचा नियम होता: डाव मोडायचा नाही. वाद मिटेपर्यंत टेबल तसंच. वर वहिनींची जुनी ओढणी. कार्डं उडू नयेत म्हणून त्या खोलीत पंखा बंद.

मे महिन्यात. अकोल्यात. कूलरवाल्याच्या घरात.

त्याच आठवड्यात तो दवाखान्यात गेला. फुप्फुसात पाणी झालं होतं.

मी पोचलो तेव्हा त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"उत्तर आलं काय?"

"नाही."

"मंग मी कुठं जात नाही. डाव अर्धा आहे."

नर्स रागावली. त्याने शहाण्यासारखा मास्क परत लावला.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला एसटी थांबली असताना मेल आला. दोन ओळी. जहाजावरून डागलेली तोफ हा खेळाडूचाच हल्ला. पात्राची शक्ती लागू.

विलास बरोबर होता.

"उत्तर आलं काय?"

"नाही अजून."

मी देव मानत नाही. नवस बोललो नाही कधी. पण त्याचं ते वाक्य मी शब्दशः धरलं, कार्ड धरतो तसं. उत्तर नाही, तोवर डाव अर्धा. डाव अर्धा, तोवर तो कुठे जात नाही.

खिशातल्या मोबाइलवर हात ठेवून मी त्याच्या छातीकडे बघत बसायचो. वर. खाली. मध्येच थांबल्यासारखी वाटायची. मी उभा राहायचो. पुन्हा वर.

चौथ्या खोट्याच्या दिवशी त्याला बोलता येत नव्हतं. त्याने नुसत्या भुवया उचलल्या.

मी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूर्तिजापूरलाच होतो. वहिनींचा फोन आला.

सांगितलं असतं तर तो हसला असता. एकदा तरी. हे वर्षभर डोक्यातून जात नाही. मी अकोल्याला जाणं टाळत राहिलो.

काल वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, ते जहाज-जहाज उचलू काय आता?"

"थांबा," मी म्हणालो. "येतो."

आज गेलो. ओढणी तशीच. पंखा बंद. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घाम पुसायचंही सुचलं नाही.

"म्हणजे याईचं बरोबर होतं?" वहिनींनी विलासच्या फोटोकडे बघत विचारलं.

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"डाव संपला असता."

मग त्यांनीच ओढणी काढली, घडी घातली.

"कोणता फासा?"

मी दाखवला. त्यांनी टाकला.

दोन.

"लागली काय?"

"हुकली."

वहिनी हसल्या. पदर डोळ्यांना लावून हसत राहिल्या.

"असंच होतं याईचं. वाद जिंकाचे अन् डाव हराचे."

मी पंखा लावला.

कार्डं उडाली. चेटकीण खुर्चीखाली गेली. आम्ही दोघांनी वेचून डब्यात भरली.

विलास, उत्तर आलं रे. तुझं बरोबर होतं.

जा आता.