कुडाबाहेरचा पहारा

ठाण्याच्या घोडेस्वार पोलिसांत भरती झालो तेव्हा मला घोड्यावर बसता येत होतं, घोडा सांभाळता येत नव्हता. ते शिकवलं आमच्या तुकडीच्या दफेदारांनी. ते साताऱ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, मोजकं बोलणारे. मी एकटा, म्हणून माझी भाकरी त्यांच्याच चुलीवर भाजली जाई. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. मूलबाळ नव्हतं. मी पाटावर बसलो की त्या चुलीपुढूनच विचारत, "आज पाडलं का घोड्यानं?" आणि माझ्या उत्तराआधीच हसू लागत.

मग प्लेग आला. कल्याणात घरं तपासायचं काम निघालं तेव्हा आम्हालाही तिकडे नेलं. डॉक्टर आणि शिपाई घरात शिरत. आम्ही स्वार गल्लीच्या दोन्ही तोंडांशी उभे, कुणी रोग्याला घेऊन पळू नये म्हणून. लोक रोगी लपवत. माळ्यावर, कणगीमागे, गोठ्यात. एका घरात तर तापानं फणफणलेल्या सुनेला जात्यावर बसवलं होतं. खुंटा सासू फिरवत होती, सुनेचा हात नुसता त्यावर ठेवलेला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला तशी ती तिथेच कलंडली. तिला बाहेर आणलं तेव्हा सासूनं दफेदारांच्या पायाखालची रिकीब धरली. ती रिकीब धरून गल्लीभर घोड्याबरोबर चालत राहिली. दफेदारांनी घोडा सावकाश घेतला. तिचा हात सोडवायला मात्र शिपायालाच बोलवावं लागलं.

पावसाळा ओसरल्यावर वहिनींना ताप आला. दुसऱ्या दिवशी काखेत गाठ दिसली. पोलीस लाइनीत सगळ्यांना कळलं आणि सगळे गप्प राहिले. शेजारच्या हवालदारानं अंगणात उभं राहून मला हळूच सांगितलं, "त्यांना म्हणावं, दार लावून घ्या. आम्ही काही पाहिलं नाही."

मी दफेदारांना तसं सांगितलं.

"कल्याणात त्या बाईलाही शेजाऱ्यांनी हेच सांगितलं असेल," ते म्हणाले. डोक्याला पागोटं गुंडाळून ते स्वतःच कचेरीत आजाराची वर्दी द्यायला गेले.

रोग्यांना नेणारी गाडी आली तेव्हा वहिनी भिंतीला धरून उठल्या. मला म्हणाल्या, "पीठ मळून ठेवलंय. भाकऱ्या कुणाकडून तरी थापून घे." ते पीठ मी नंतर खड्ड्यात पुरलं.

प्लेगची छावणी खाडीपलीकडे, कळव्याच्या बाजूला, कापणी झालेल्या शेतात होती. चटयांच्या झोपड्या आणि भोवती बांबूचा कूड. घरच्या माणसांनाही आतच ठेवत, म्हणून दफेदारही आत गेले. कुडाबाहेर आमचा पहारा. घोड्यावरून उतरायचं नाही, कुडाजवळ जायचं नाही, असा हुकूम होता.

रोज दुपारी ते कुडापाशी येत आणि लांबूनच ओरडून विचारत, "खरारा झाला का माझ्या घोड्याचा?"

"झाला."

"मागच्या पायाचा नाल ढिला आहे, बघ."

वहिनींचं मी विचारत नसे. ते सांगतील म्हणून वाट पाहत असे.

एके दुपारी ते आले आणि दोन्ही हातांनी कूड धरून उभे राहिले. म्हणाले, "गेली."

मी घोडा कुडाकडे वळवला.

"शेवटी तिनं मला ओळखलं नाही रे. मला शिपाई समजत होती. हात जोडून म्हणत होती, दादा, मला नेऊ नका."

मी घोड्यावरून उतरलो. लगाम हातात धरून कुडाच्या अलीकडे जाऊन उभा राहिलो. मध्ये हातभर अंतर. त्यांची दाढी वाढली होती आणि अंगाला फिनेलचा वास येत होता. ते रडत नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, "वर बस. साहेब येतील." मी वर बसलो.

ते सुटून आले तोवर रोग जावा म्हणून त्यांच्या खोलीची कौलं उतरवली होती, अंथरूण-पांघरूण जाळलं होतं. रजा काढून ते गावी गेले. गावानं त्यांना वेशीच्या आत घेतलं नाही. भावानं शेताच्या बांधावर भाकरी ठेवली आणि मागे सरून तो उभा राहिला. ते ती खाऊन परत आले. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता. "त्यालाही लेकरं आहेत," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी घोडा सोडण्याचा अर्ज केला. साहेबांनी समजावलं, दफेदारी जाईल म्हणाले. ते ऐकेनात. त्यांना सरकारी तिजोरीच्या दारावर साध्या शिपायाचा पहारा मिळाला. मी जाता-येता थांबत असे. ते स्टुलावरून उठून उभे राहत, मला, कालच्या पोराला, स्वार म्हणून मान द्यायला. ते मला सोसत नसे, म्हणून हळूहळू मी त्या वाटेनं जाणं टाळू लागलो.

पुढच्या थंडीत प्लेग पुन्हा आला. घरं तपासायला भिवंडीकडे जाणाऱ्या तुकडीचा दफेदार मला केलं.