भाकीत चुकलं तर कप धुवा

त्या हवाई तळावरच्या वैमानिकांच्या खोलीत जगाचे प्रश्न रोज सकाळच्या चहाबरोबर सुटत. सरकारं पडत, तह होत, सामुद्रधुन्या बंद होऊन पुन्हा उघडत. खोलीतला पंखा मात्र वर्षभर बंदच होता, कारण तो दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीत येत होता.

खोलीचा नियम एकच. जगाबद्दल भाकीत करायची सगळ्यांना मोकळीक होती, पण भाकीत चुकलं तर त्या दिवशीचे सगळ्यांचे कप धुवायचे. हुद्दा, वय, पाठदुखी, काही सबब चालत नसे. कुठलंसं युद्ध पंधरवड्यात संपणार असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एका कॅप्टननं इतके कप धुतले, की त्यानं नोकरी सोडली तेव्हा निरोपाच्या समारंभात त्याला भांडी घासायची पावडर भेट मिळाली. युद्ध अजून चालू होतं.

या नियमाचा फटका काकांना कधीच बसला नव्हता, कारण काका भाकीतच करत नसत. चाळिशी अजून दोन वर्षं लांब होती, पण वाचायचा चष्मा लवकर लागला आणि विमान सुरू करण्याआधी मागे वळून ‘सगळं घेतलं ना?’ असं विचारायची सवय होती, सहलीला निघालेल्या कुटुंबप्रमुखासारखी. तेवढ्यावर ‘काका’ हे नाव पडलं. ते मालवाहू विमानाचे कॅप्टन होते आणि सहवैमानिकांना कॅप्टन बनवायचं शिक्षण देत. असं शिकवणारे पूर्वी तळावर बरेच होते. एकेक करून ते नागरी विमान कंपन्यांत गेले. भिंतीवर त्यांचे फोटो लावलेले होते: आधी गणवेशातले, मग त्यांनीच पाठवलेले, हॉटेलच्या तरणतलावाकाठी पाय सोडून बसलेले. आता शिकवणारे काका एकटेच उरले होते, आणि येत्या शुक्रवारपर्यंत त्यांना एका विमान कंपनीला हो किंवा नाही कळवायचं होतं.

ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे सगळ्यांना माहीत होती.

जायचं कारण पैशाचं नव्हतं, असं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून थोडं पैशाचंही होतं असं म्हणू. खरं कारण टेबलाचं होतं. हवाई दलात चांगलं काम केलं की बढती मिळते, आणि बढती मिळाली की टेबल मिळतं. विमान चांगलं चालवण्याचं बक्षीस म्हणून विमानच काढून घ्यायची ही पद्धत कुणी शोधली ते ठाऊक नाही, पण तोही टेबलाशीच बसला असणार. काकांचं टेबल ठरलं होतं. उन्हाळ्यात बदली, मुख्यालय, दुसरं शहर.

आणि काकांची बायको दंतवैद्य होती. प्रत्येक बदलीत तिची रोग्याला आडवं करायची ती जाडजूड खुर्ची ट्रकमधून मागोमाग यायची. एकदा खुर्ची आली आणि तिचा दिवा आला नाही. एकदा दोन्ही आलं, तर रोगी यायला वर्ष लागलं. नवरा अख्ख्या देशाचं सामान इकडून तिकडे सुखरूप पोचवतो आणि घरची एक खुर्ची त्याच्यानं धड पोचवली जात नाही, हा तिचा जुना विनोद होता. अलीकडे तो सांगताना ती हसत नसे.

“तू कुठे राहायचं ते तू ठरव,” ती म्हणाली होती. “मी कुठे राहायचं ते ठरलंय. मी खुर्ची जमिनीला बोल्ट मारून पक्की केलीये.”

“मला न विचारता?”

“बदलीच्या वेळी मला विचारतात?”

त्यांची मुलगी टेबलावर गृहपाठ करत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “बाबा, बोल्ट काढता येतात. पण आई मिस्त्रीला म्हणाली, निघणार नाहीत असे मार.”

त्यामुळे सोमवारी सकाळी काका खोलीत आले ते जरा गप्पच.

“काका, सामुद्रधुनी पुन्हा बंद,” बातमीनं जाहीर केलं. बातमी म्हणजे त्यांची सहवैमानिक. जगभरातले मथळे ती दात घासताना वाचून यायची. कॅप्टनचं शिक्षण सुरू व्हायची वाट बघत होती, आणि काका गेले तर ती वाट कुठवर बघायची हे कुणाला सांगता येत नव्हतं.

“कुणी केली बंद?”

“दोघंही म्हणतात, दुसऱ्यानं.”

“मग उघडेल,” वजनकाटा म्हणाला. विमानात माल कुठे, किती, कसा ठेवायचा ते बघणारा हा जुना माणूस. समोर आलेल्या माणसाकडेही आधी अंदाज घेतल्यासारखा बघायचा. “दोघांनाही तेल विकायचंय.”

“हे भाकीत समजायचं?”

“छे, हे माझं मत.”

“वा! चुकलं की मत, बरोबर आलं की भाकीत.”

“तेल महागलं की आपले उड्डाणाचे तास कापणार, एवढं मात्र भाकीत,” बातमी म्हणाली. “आणि तास कापले की आणखी चार जण जाणार. तिकडे जहाजं अडकतात आणि इकडे माझं कॅप्टनपद.”

तेवढ्यात तुकडीच्या प्रमुख बाई आत आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी सांगितलं की बुधवारी मुख्यालयातून मोठे साहेब येणार आहेत. विषय ‘वैमानिक टिकवण्याचे उपाय’.

“टिकवणार म्हणजे कशात?” वजनकाट्यानं विचारलं. “तेलात की मिठात?”

मॅडम हसल्या, पण काकांकडे बघून थांबल्या. काका चष्मा पुसत होते.

“साहेब येतील,” काका म्हणाले. “पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतील. चहा घेतील. जातील. मुख्यालय काहीही करणार नाही.”

काकांच्या तोंडून असं काही पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

“काका,” बातमीनं हळूच विचारलं, “हे मत की भाकीत?”

“भाकीत.”

मग बाकीच्यांनीही उरकून घेतलं. काका शुक्रवारी जाणार, असं सगळ्यांचं एकमुखी भाकीत झालं. मॅडमनी ते मोठ्यानं म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही.

बुधवारी साहेब आले. माणूस साधा होता, केस पिकलेले, एकेकाळी हेच विमान चालवलेला. पडद्यावर चित्रं आली, रंगीतच होती. एका चित्रात वैमानिक का जातात याची वाटणी दाखवली होती, आणि तिचा सर्वांत मोठा तुकडा ‘इतर’ या नावाचा होता. शेवटी साहेबांनी हात जोडल्यासारखे केले. “मोकळेपणानं बोला. कुणालाही काहीही होणार नाही.”

कुणालाही काहीही होणार नाही असं म्हटलं की लोकांना काय काय होऊ शकतं ते आठवू लागतं. एकानं जेवण सुधारलंय म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं राहण्याची सोय उत्तम म्हटलं. त्याच्या घराचं छत गळत होतं. साहेब काकांकडे वळले.

“तुम्ही इथले जुने. तुमचं काय म्हणणं?”

“सगळं ठीक आहे, सर,” काका म्हणाले.

दुपारी साहेबांना उड्डाण करायचं होतं. मोठ्या साहेबांनीही अधूनमधून विमान हाताळावं अशी अपेक्षा असते. पलीकडच्या तळावर औषधांची खोकी उतरवून रिकामं परत यायचं होतं. जाताना काकांनी चालवलं. येताना डावीकडे साहेब, उजवीकडे शिकवणाऱ्याच्या जागी काका, मागच्या बाकावर बातमी आणि अगदी मागे विमानाच्या रिकाम्या पोटात वजनकाटा.

“सगळं घेतलं ना?” काकांनी विचारलं. विमान निघालं.

उतरताना वेग जास्त होता. फार नाही, पण रिकामं विमान जास्त वेगानं आलं की धावपट्टीला टेकायला तयार नसतं. पाहुण्यासारखं दारातच घुटमळत राहतं. काकांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांच्या शिकाऊ पोरांना त्यांनी केव्हाच टोकलं असतं. आत्ता ते मनात म्हणाले, साहेबांच्याही लक्षात आलं असेल. धावपट्टी खालून सरकत राहिली.

“गो अराउंड,” मागून बातमी म्हणाली. म्हणजे उतरू नका, वर चला, पुन्हा या. ते कुणीही म्हटलं तरी ऐकायचं असतं. साहेबांनी इंजिनांना जोर दिला, विमान वर गेलं आणि दुसऱ्या खेपेला नीट उतरलं. घडलं ते एवढंच. प्रवासी असते तर त्यांना वळसा का घातला हेही कळलं नसतं.

पण उड्डाणानंतर झडती असते. तळावर तिला झडतीच म्हणत. सगळे टेबलाभोवती बसतात, खांद्यावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकतात, आणि प्रत्येक जण आधी स्वतःची चूक सांगतो. ज्याचा हुद्दा सर्वांत मोठा त्यानं सुरुवात करायची. डब्यात पट्ट्या आहेत तोवर टेबलाशी सर नाही, मॅडम नाही.

वजनकाट्यानं डबा साहेबांसमोर धरला. साहेबांनी त्यात बघितलं. मग खांद्याला हात घातला. त्यांची पट्टी डब्यात पडली तिचा आवाज जरा जड होता, किंवा सगळ्यांना तसा वाटला.

“मी वेग जास्त ठेवला,” साहेब म्हणाले. “टेबलावर बसून हात गंजलेत. तेही ठीक. पण हात गंजलेत हे निघण्याआधी सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली.”

आता काका.

“मला वेग दिसत होता. मी बोललो नाही. कारण,” ते थांबले, “कारण तुम्ही साहेब.”

“आणि मी बोलले, पण उशिरा,” बातमी म्हणाली. “मी काकांची वाट बघत होते.”

“मी मागे डुलकी घेत होतो,” वजनकाटा म्हणाला. “ती चुकीत धरत असाल तर धरा.”

झडती इथे संपायची. पण बातमीनं डब्यावर हात ठेवला.

“काकांची अजून एक चूक राहिली. सकाळची. तिथेही दिसत होतं आणि काका बोलले नाहीत.”

काकांनी तिच्याकडे रागानं बघितलं. मग डब्याकडे बघितलं. सगळ्यांच्या पट्ट्या त्यात एकमेकींवर पडल्या होत्या. कुणाची कुठली ते वरून कळत नव्हतं.

“बोला,” साहेब म्हणाले. “आता मी साहेब नाही.”

मग काका बोलले. सलग बोलले, आणि त्यांच्या मानानं मोठ्यानं. मला बढती नको, म्हणाले. मला हे विमान पाहिजे आणि या मुलीसारखी आणखी पोरं शिकवायला पाहिजेत. माझ्या बायकोनं खुर्ची जमिनीत पक्की केलीये आणि तिचं बरोबर आहे. तुमच्या चित्रातला तो ‘इतर’ नावाचा तुकडा आहे ना, तो माझ्या घरात राहतो.

साहेबांनी चहाचा कप हातातल्या हातात फिरवला.

“शिकवणाऱ्याला बढती न देता एकाच तळावर उडत ठेवायचं. हे मीसुद्धा सुचवलं होतं. तुमच्या वयाचा असताना.”

“मग?”

“मग मला बढती मिळाली.”

पहिला वजनकाटा हसला, आणि मग साहेबही.

“बघतो,” उठताना ते म्हणाले. “शब्द देत नाही. खरं सांगायचं तर होईल असं मला वाटत नाही.”

“इथे एक नियम आहे,” बातमीनं सांगितलं. “हे मत, की भाकीत?”

साहेबांनी नियम ऐकून घेतला, डब्यातून आपली पट्टी शोधली आणि म्हणाले, “भाकीत.” वजनकाट्यानं त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला, निकाल लागेपर्यंत.

गुरुवार तसाच गेला. काकांनी घरी येऊन सांगितलं की मी काल साहेबांशी बोललो, म्हणजे आधी नाही बोललो, मग बोललो एकदाचा. बायकोनं त्यांना पाणी दिलं.

शुक्रवारी दुपारी मॅडमनी काकांना बोलावलं.

“तुमची बदली रद्द. कागद आलाय. या तळापुरता प्रयोग म्हणून, शिकवणाऱ्यांनी इथेच राहायचं, उडायचं, शिकवायचं. बढती मात्र नाही, काका. मी उद्या वरच्या हुद्द्यावर जाईन, बातमीही जाईल कधीतरी. तुम्ही इथेच. तिला सॅल्यूट करावा लागेल तुम्हाला.”

“ती नीट उतरवायला शिकली तर करीन.”

काकांनी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. कुणाच्या तरी तोंडात तिचा हात होता.

“म्हणजे तू मोठा साहेब कधीच होणार नाहीस?” सगळं ऐकून तिनं विचारलं.

“कधीच नाही.”

“आणि कंपनीचा पगार?”

“तोही नाही.”

यंत्र थांबलं. “एक मिनिट हं, चूळ भरा,” ती रोग्याला म्हणाली. मग काकांना म्हणाली, “मी कुठे मोठ्या साहेबाशी लग्न केलं होतं? येताना भाजी आण.” आणि ती हसली. तो हसण्याचा आवाज काकांनी बऱ्याच दिवसांनी ऐकला होता. त्यांनी विमान कंपनीला नाही म्हणून कळवलं.

खोलीत मात्र पेच पडला होता. काकांचं भाकीत चुकलं होतं आणि काका जाणार म्हणणाऱ्या सगळ्यांचंही. सिंक एकच. बरीच वादावादी झाली. तेवढ्या वेळात कप तीनदा धुऊन झाले असते. शेवटी वजनकाट्यानं निवाडा दिला की ज्यानं आयुष्यात पहिल्यांदाच भाकीत केलं त्याचा मान पहिला.

काका बाह्या सरसावून धुऊ लागले. बातमी पुसायला उभी राहिली.

“माझं शिक्षण?”

“सोमवारपासून. आणि सोमवारी माझी वाट बघायची नाही. दिसलं की बोलायचं.”

“सामुद्रधुनी अजून बंदच आहे, काका. तास कापतील.”

“जेवढे देतील तेवढ्यात शिकू,” काका म्हणाले, आणि ती काही विचारायच्या आत म्हणाले, “हे मत आहे.”

सगळे कप झाले. एक राहिला होता, बुधवारपासून बाजूला ठेवलेला, तळाशी चहा वाळलेला. बातमीनं तो पुढे केला. काकांनी घेतला, फिरवून बघितला आणि तसाच खिडकीत ठेवून दिला. साहेब पुढच्या महिन्यात हात मोकळा करायला येणार होते, आणि त्यांचंही भाकीत चुकलं होतं.