टाकीचं झाकण

गाडी घरून निघताना कधीच दगा द्यायची नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला मी ही रड सांगितली त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला. सकाळी ती दुसऱ्या किकला सुरू व्हायची, पुंडलिकनगरातून निघून शहराच्या टोकाचं हर्सूल ओलांडेपर्यंत कसलीही कुरबुर करायची नाही. चौक्याचा घाट चढायला लागली की आचके द्यायची आणि मान टाकायची. मग वीस किका मारा, चोक ओढा, एका अंगाला आडवी करा, उतारावर ढकला, बाईसाहेब ढिम्म. दहा-पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला बसलं की तिच्याच मनात यायचं आणि ती सुरू व्हायची. घाटातल्या ट्रकवाल्यांना माझा चेहरा पाठ झाला असावा.

मी फुलंब्रीच्या अलीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हापासून हा खेळ सुरू झाला. हजेरीच्या यंत्रावर अंगठा उशिरा उमटायला लागला आणि मुख्याध्यापक मला बघून घड्याळाकडं बघायला लागले. ते बोलत काही नसत. बोलले असते तर मीही बोललो असतो.

गाडी मूळची वडिलांची. शंभर सीसीची, जुन्या बांधणीची, कार्बोरेटरवाली. राहायचं शहरात आणि शेती फुलंब्रीकडं, असा त्यांचा संसार असल्यानं ते रोज याच रस्त्यानं याच गाडीवर ये-जा करायचे. तीन वर्षांपूर्वी ते हृदयविकारानं गेले, आणि गाडी मी वापरायला घेतली. नवी घ्यायचा विचार होता, पण आईनं गाडीवरची धूळ रोज पुसायला सुरुवात केली होती, त्यामुळं तो विषय काढायचं राहून गेलं.

आईचं एक सांगायला हवं. वडील होते तेव्हा ती जुन्या पद्धतीनं कुंकू लावायची. आधी कपाळावर मेणाचं बोट, त्यावर कुंकू, म्हणजे उन्हातान्हात ते ओघळत नाही. वडील गेल्यावर आमच्यात होतं तेच झालं, कपाळ मोकळं झालं. करंडा आणि मेणाची डबी देवघरात तशीच राहिली. वर्षश्राद्ध झाल्यावर कधीतरी तिनं गाडीला कुंकू लावायला घेतलं. दसऱ्याला सगळेच लावतात, ही रोज लावायची. मी हेल्मेट घालायच्या आत बाहेर यायची, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मधोमध बोट टेकवायची आणि म्हणायची, "ये जाऊन सांभाळून." वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली मेण. सवयीनं तिचा हात तसाच चालत असणार. मी कधी विचारलं नाही, मला शाळेची घाई असायची.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मेकॅनिक बसतो. माणूस चांगला, हात बरा, आत्मविश्वास जरा जास्त. पहिल्या वेळी त्यानं प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, इंजिनाला टेकवून किक मारली आणि निळी ठिणगी दाखवली. "देखो सर, करंट एक नंबर आहे." मग टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, गाडी हलवून आतला आवाज ऐकला, झाकण लावलं, किक मारली. गाडी सुरू. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "बिनधास्त जाओ."

दुसऱ्या दिवशी घाटात मी बिनधास्त बसलो होतो.

मग नवा प्लग टाकला. मग कार्बोरेटर उघडून साफ केला. मग एअर फिल्टर, मग कॉइल, मग पेट्रोलचा कॉक. दर वेळी तो शेवटी टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचा, किक मारायचा आणि गाडी सुरू व्हायची. त्याच्या हाताला गुण आहे यावर त्याचा विश्वास बसत चालला होता, आणि खोटं कशाला बोलू, माझाही. एकदा मी टाकी काठोकाठ भरून घेतली, निदान पेट्रोल कमी आहे असं तरी कुणी म्हणू नये म्हणून. त्या दिवशी गाडी हर्सूललाच बंद पडली. "पेट्रोलच खराब मिळतंय सर," असा निकाल मेकॅनिकनं दिला. स्टाफरूममध्ये प्रत्येक जण अर्धा मेकॅनिक असतोच. एकानं इथेनॉलला शिव्या दिल्या, एकानं इंजिनाचं काम निघालंय असं सांगितलं, आणि गणिताचे सर म्हणाले की गाडीला नजर लागली असेल.

फेब्रुवारीत माझं डोकं फिरलं. घरी जेवताना मी जाहीर केलं, "पाडव्याला नवी गाडी घेणार. ही विकून टाकणार." शाळेच्या गावातला एक दूधवाला ती घ्यायला तयारही होता, जशी आहे तशी. बायको म्हणाली, "घ्या बाई एकदाची." आईनं ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि म्हणाली, "तुझी गाडी, तुझी मर्जी. पण नीट झाली तर ठिवशील का?"

"झाली तर ठेवीन," मी म्हणालो. अशी आश्वासनं द्यायला काही लागत नाही.

त्यानंतर गाडी जास्तच बिघडली. आठवड्यातून दोनदा बंद पडणारी रोज पडायला लागली. बायकोनं एकदा सांगितलं, "अहो, आई आता संध्याकाळीपण गाडीला कुंकू लावतात. हात जोडून उभ्या राहतात." मला राग आला. गाडीवर नव्हे, आईवर. यंत्राला हात कसले जोडायचे, असं मी तावातावानं म्हणालो. बायकोनं उलट ऐकवलं, "मग तुमच्या विज्ञानानं तरी सुरू करून दाखवा."

पाडवा दोन आठवड्यांवर आला असताना एका सकाळी घाटात गाडीनं परत मान टाकली. किका मारून पाय भरून आला होता. करायला काहीच नव्हतं म्हणून मी मेकॅनिकसारखं टाकीचं झाकण उघडलं. किल्ली अलीकडं जड जायची, जोर लावून फिरवली. झाकण उचलताना फुस्स असा आवाज आला. बाहेरची हवा आत ओढली गेल्याचा आवाज. मी झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू.

मी ती मुद्दाम तशीच पुढं नेली. परतीच्या वाटेवर बंद पडली तेव्हा परत झाकण उघडलं. फुस्स. किक. सुरू.

आठवीच्या वर्गाला हवेचा दाब शिकवताना मी दर वर्षी तेलाचा डबा घेऊन जातो. एकच भोक पाडलं तर तेल नीट येत नाही, दुसरं पाडलं की धार लागते. दुसऱ्या भोकातून हवा आत जाते म्हणून. पोरं हसतात, कारण हे त्यांच्या आयांना आधीपासून माहीत असतं. टाकीच्या झाकणालाही हवा जायला एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की पेट्रोल संपत जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवा आधीच कमी, म्हणून ती लवकर थांबते. दहा-पंधरा मिनिटं बसलं की थोडी हवा कुठून तरी झिरपते, म्हणून परत चालते. चार महिने मी या झाकणावर हात ठेवून बसलो होतो. विज्ञानाचा मास्तर म्हणवून घ्यायची लाज वाटली.

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी झाकण निरखून बघितलं. किल्लीच्या भोकाभोवती, जिथून ही हवा जाते तिथंच, लालसर काळा थर होता. कागदाची पिन घालून खरवडला तर मेण निघालं, कुंकवानं मळलेलं, उन्हानं वितळून खोल उतरलेलं आणि परत घट्ट झालेलं. दोन वर्षांचं साचलेलं, आणि गेल्या महिन्याभरातलं दुप्पट. सगळं काढायला अर्धा तास लागला. पिनेच्या टोकावर शेवटचा तुकडा आला तेव्हा मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. गाडी घरात राहावी म्हणून ही बाई दोन वेळा बोट टेकवत होती, आणि त्या बोटानंच गाडी घराबाहेर निघाली होती.

दूधवाल्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. त्याच संध्याकाळी आम्ही सगळे दोन दिवसांसाठी एका लग्नाला बाहेरगावी गेलो, गाडी घरीच राहिली आणि त्या गडबडीत बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली तेव्हा तिला सांगितलं, "गाडी नीट झाली. विकत नाही आता."

"व्हय?" ती म्हणाली. चेहरा एकदम उजळला. ती लगबगीनं आत गेली आणि बोटावर मेण आणि वर कुंकू घेऊन आली. मी झाकणावर तळहात ठेवला.

"आई, इथं नको लावूस."

"का रं?"

मी सांगितलं. हवेची वाट, मेण, पिन, सगळं. वर्गात सांगतो तसं, मुद्देसूद. ती ऐकत राहिली, बोट तसंच वर धरून.

"म्हंजी माझ्यामुळंच बंद पडत हुती?"

"व्हय."

जरा मऊ बोलता आलं असतं. पण माझे चार महिने गेले होते, कुणी न बोलता बोलणी खाल्ल्यासारखे, आणि ते मला कुणाला तरी ऐकवायचे होते.

"मंग ह्ये कुठं लावू आता?" तिनं बोट पुढं केलं. लई जपून धरलं होतं, सांडू नये म्हणून.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. "कपाळाला लाव तुझ्या," मी वैतागून म्हणालो. "तिथं काही बुजत नाही."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "लावलं असतं की. तीन वर्सं झाली, तू कधी म्हणलाच नाय."

गेल्या वर्षी महिला दिनाला मी शाळेत विधवांच्या प्रथांविरुद्ध वीस मिनिटं बोललो होतो. पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या, मुख्याध्यापकांनी पाठीवर हात ठेवला होता. संध्याकाळी घरी येऊन मी आईच्या हातचं जेवलो आणि पेपर तपासायला बसलो.

तिनं बोट पदराला पुसलं. उशीर होतोय, एवढंच पुटपुटून मी किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.