किल्लीवरचा पडदा

शिवणकारखान्यातली मावशी म्हणे खऱ्या रक्ताने पडदा रंगवते! शेजारीण तर नाकाला रुमाल लावूनच सांगायची, "अहो, जिन्यापर्यंत वास येतो!"

वास यायचा तो खालच्या तुंबलेल्या गटाराचा. पडद्यात रक्ताचा थेंब नव्हता, कापून उरलेल्या चिंध्या होत्या. त्याही लाल नाहीत. भाचीने एकदा लालचुटुक तुकडा पुढे केला, तर मावशी खेकसली, "ही काय लिपस्टिक आहे? वाळल्यावर कसं दिसतं, ठाऊक नाही तुला?" आणि तिने विटकरी अस्तर उचललं.

कारखान्यातल्या प्रत्येक बाईची एक पट्टी, दर दिवसाचा एक चौकोन. पाळी असली तर विटकरी, नाहीतर पांढरा. संडासाची किल्ली मागून मिळाली नाही, की त्या चौकोनावर काळ्या दोऱ्याची गाठ. पांढऱ्यावर गाठी तुरळक, विटकरीवर मात्र खरूज उठावी तशा.

कारण किल्ली सुपरवायझरच्या टेबलामागच्या खिळ्याला. दुपारी डबा पोचवायला जाणारी भाची त्याची हुबेहूब नक्कल करायची. नाकातला सूर, नजर छताकडे: "हे बघा भगिनींनो, तुमचं ते... आपलं ते... अडचण... ती घरी ठेवून यायची!"

मावशीला हसू यायचं नाही. तिच्या शेजारच्या मशीनवरची पोरगी किल्लीवाचून तशीच बसून राहिली होती. उठली तेव्हा स्टूल भरलेलं. सुपरवायझर साहेब "शीऽऽ!" करून मागे सरला आणि त्याने स्टूल बाहेर फेकायला लावलं. पोरगी पुन्हा आली नाही. तेव्हापासून मावशीने ठरवलं होतं, किल्ली मागायची वेळ कोणावर येता कामा नये.

"उद्या हा त्याच खिळ्याला टांगणार," पट्ट्या जोडून झाल्यावर ती म्हणाली. "किल्लीच्या वरून."

"नोकरी जाईल गं! दुपारच्या आत ओरबाडून फेकेल तो. पैज! हरले तर तिथला संडास घासेन."

"बोटसुद्धा लावणार नाही तो. लाव पैज."

दुसऱ्या दिवशी भाची डबा घेऊन पोचली, तर साहेब खिळ्यापासून चार हात लांब.

"हे... हे काय आहे?"

"तुम्ही घरी ठेवून यायला सांगता ना, ते," मावशी म्हणाली. "काढा की."

त्याने फूटपट्टीने पडदा ढोसला. पडदा हलला, बाहीला लागला. साहेब विंचू चावल्यागत उडाला.

"धुतलेला आहे, साहेब. कोऱ्या चिंध्या."

"तरी पण! तरी पण! काढा रे कोणीतरी!"

एकही मशीन थांबलं नाही. मग काजं करणारी बाई उठली, पडद्याखाली हात घातला, किल्ली घेऊन चालती झाली. तिच्यामागून दुसरी. साहेब छताकडे बघत बाही चोळत राहिला. दिवे मालवले तरी पडदा जागच्या जागी.

सुट्टीच्या दिवशी भाची ब्रश घेऊन कारखान्याच्या संडासात शिरली. भिंतींवर पिवळे ओघळ, जाळीत केसांचे गुंते, आणि असला भपकारा की तिने नाकाला रुमाल बांधला.

"तो कोपरा राहिला," दारातून मावशी म्हणाली.