दोन दिवसांच्या दशम्या

जवस भाजल्याचा वास आला की मला माझा पहिला विमानप्रवास आठवतो. ऐंशीच्या दशकात बालाघाटला आमच्या घरी तार आली, मुंबईत धाकट्या भावाचं तातडीचं ऑपरेशन होतं. वडिलांनी मला बसनं नागपूरला आणि तिथून विमानानं पाठवायचं ठरवलं. आईनं लगेच दुधात कणीक मळायला घेतली. "अवं, विमान दीड घंट्यात पोचवते त्याले," वडील म्हणाले. "मुंबई का लालबर्र्यासारखी जवळ आहे?" आई लाटता लाटता म्हणाली, "रेल्वेत दोन दिवस लागते, मी दोन दिवसाच्याच दशम्या बांधून देतो." दशम्या आणि जवसाच्या चटणीचं ते गाठोडं मी मांडीवर घेऊन बसलो, आणि गाठ सोडायच्या आत मुंबई आलीसुद्धा. पुढे मात्र इस्पितळाच्या बाकावरून माझा पाय हलेना. भाऊ शुद्धीवर येईना आणि डॉक्टर कधी हाक मारतील याचा नेम नव्हता. तिथेच बसून मी एकेक दशमी मोडत राहिलो. गाठोड्यात शेवटची उरली तेव्हा नर्सनं आत बोलावलं. भावानं डोळे उघडले होते. परवा नातीनं फोनवर पाहून सांगितलं, नागपूर-मुंबई विमानाला दीड तास लागतो. मी म्हटलं, "हौ, पण भावापर्यंत पोचायले मले दोन दिवस लागलते, अन् तेवढं आईनं बांधून देल्लं होतं."